फाल्गुनात वाईला

फेब्रुवारी सरता सरता मुंबईकरांच्या फोनवर एक गुलाबी रस्ता फिरू लागतो. विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला लावलेली टॅबेबुयाची झाडं पानं टाकतात, अंगभर फुलतात आणि गाडीच्या काचेतून काढलेल्या फोटोखाली हमखास लिहिलेलं असतं, ‘मुंबईतलं चेरी ब्लॉसम’. टॅबेबुया मूळचा उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचा. चेरीशी त्याचा काही संबंध नाही. पण निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलं दिसली की हल्ली जपानच आठवतो, त्याला कोण काय करणार!

खरी चेरी इकडे फुलायची नाही. शोभेच्या चेरीला कळ्या उमलण्याआधी लांबलचक, कडक थंडी लागते. भारतात शिलाँगला हिमालयातली जंगली चेरी आहे, तिथं तिच्या नावानं उत्सवही भरतो, पण ती फुलते नोव्हेंबरात. वाईला पौषातल्या पहाटे कितीही दातांवर दात आपटले तरी चेरीच्या दृष्टीनं ती थंडी किरकोळच.

तरीही वसंतात एक दिवस मोकळा असेल आणि फुलंच पाहायची असतील, तर पुण्या-मुंबईच्या माणसानं वाई गाठावी. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. बारा-तेरा किलोमीटरचा पसरणीचा घाट चढलं की पाचगणी, ती १,३०० मीटरच्या आसपास. म्हणजे अर्ध्या तासात माणूस माळावरचा पळस मागं टाकून नदीकाठ, घाटउतार आणि डोंगरमाथा अशा तीन वेगळ्या बागांतून जातो. त्या कुणी आखलेल्या नाहीत आणि त्यांना तिकीटही नाही.

मात्र जपानी हिशेब घेऊन इथं येऊ नये. जपानात जागोजागी दिसणारी ‘सोमेई योशिनो’ ही चेरीची जात कलमं करून वाढवलेली आहे. लाखो झाडं, पण अंगातला गुणधर्म तंतोतंत एकच. त्यामुळे एका शहरातली झाडं एकदमच फुलतात आणि आठवड्या-दीड आठवड्यात सगळा खेळ आटोपतो. तोक्योत यासुकुनी देवळाच्या आवारात एक नमुन्याचं झाड ठरलेलं आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमललेली दिसली की हवामान खातं शहरात मोहोर सुरू झाल्याचं जाहीर करतं. क्योतोच्या बहराच्या नोंदी तर जुन्या दरबारी रोजनिश्यांमधून थेट इसवी सन ८१२ पर्यंत मागं नेलेल्या आहेत. २०२१ मध्ये तिथं २६ मार्चला पूर्ण बहर आला. बाराशे वर्षांच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. जपाननं १९१२ मध्ये वॉशिंग्टनला तीन हजारांवर चेरीची रोपं दिली, तेव्हा झाडांबरोबर ही तारखेची ओढही तिकडे गेली.

वाईकडच्या पळसाला, पांगाऱ्याला, सावरीला असली कवायत ठाऊक नाही. प्रत्येक झाड बियातून आलेलं, म्हणून प्रत्येकाचा स्वभाव निराळा. बांधावरचा एक पळस फुलून झडून गेलेला असतो आणि दोन शेतं सोडून दुसरा अजून कळ्यांवर असतो. म्हणून ‘नेमकं कधी येऊ?’ या प्रश्नाला इथं एका तारखेचं उत्तर मिळत नाही. ढोबळ अंदाज असा. जानेवारी-फेब्रुवारीत आंब्याचा मोहोर, पाठोपाठ सावर आणि पांगारा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चभर पळस. मार्चमध्येच घाटात गिरिपुष्प आणि धायटी. एप्रिलमध्ये करंज आणि वरच्या अंगाला जांभूळ. एप्रिल-मे बहावा आणि गुलमोहराचा. एका दिवसात यातलं सगळं कुणालाच दिसत नाही. पण मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आलेला माणूस यातली चार-पाच झाडं तरी ऐन भरात पाहून जातो.

पुण्याहून वाई नव्वदेक किलोमीटर. स्वारगेटहून एसटी आहेच. स्वतःची गाडी असेल तर उजाडायच्या आत निघावं, कारण फुलं पाहायची खरी वेळ सकाळी दहापर्यंत. पुढं ऊन डोळ्यांवर येतं आणि पक्षीही सावलीला जातात.

शिरवळ मागं पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना माळ लागतो आणि तिथं पळस सुरू होतो. ‘पळसाला पानं तीन’ असं आपण कुठंही गेलं तरी म्हणतो. फाल्गुनातल्या पळसाला ती तीनही नसतात. वेड्यावाकड्या, खडबडीत फांद्या आणि त्यांवर नुसता भगवा-तांबडा रंग. धावत्या गाडीतून तो छान दिसतोच, पण एकदा गाडी बाजूला घेऊन एक फूल हातात धरून पाहावं. खालची वाटी काळपट हिरवी, मखमली लवेची. तिच्यातून पाच पाकळ्या निघतात. त्यांतली एक मागं मुरडलेली, दोन बाजूंना, आणि उरलेल्या दोन जुळून झालेली बाकदार चोच. पुंकेसर आणि मध या चोचीच्या आड. बाकदार बारीक चोचीचे शिंजीर त्यात तोंड घालतात आणि कपाळाला पराग माखून पुढच्या झाडावर जातात. मैना, बुलबुल, कोतवाल हेही गिऱ्हाईक आहेत. सकाळी सातला एखाद्या फुललेल्या पळसाखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर माणसाला बोलायला सवड मिळू नये इतका गलका असतो.

हे झाड नुसतं पाहायचं कधीच नव्हतं. त्याच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण, फुलं रात्रभर भिजवून काढलेला रंगपंचमीचा केशरी रंग, मुळांचा वाख आणि दोर, बी म्हणजे पळसपापडी ती जंतांवर, खोडाचा डिंक औषधात, फांद्यांवर लाखेचे किडे. बंगालमधल्या ज्या पलाशी गावात १७५७ ची लढाई झाली, त्या गावाचं नावही याच झाडावरून पडलं. माळावर पळस टिकून राहिला यातला थोडा वाटा त्याच्या जाड सालीलाही आहे. वणव्यात बाकीची रोपटी जळतात, पळस पुन्हा बुंध्यातून फुटतो.

वणव्याचा विषय खंबाटकी चढताना टाळता येत नाही. मार्चमध्ये घाटाचे निम्मे उतार काळे दिसतात. गवत पेटवलं की पुढच्या पावसात चांगलं उगवतं, ही समजूत जुनी आहे आणि ती काही केल्या जात नाही. प्रत्यक्षात त्या आगीत जमिनीवरचं बी, कोवळी रोपं, पक्ष्यांची घरटी जातात आणि पहिल्या वळवाबरोबर उघडी माती ओढ्याला लागते. त्या काळ्या पार्श्वभूमीवर सावरीचं एखादं लालभडक झाड फार उठून दिसतं, फोटोही सुंदर येतो. पण त्या सुंदर फोटोतला काळा रंग कुठून आला, हे पाहणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

सुरूर फाट्यावरून महामार्ग सोडला की वाईचा रस्ता लागतो आणि डोक्यावर वड येतात. हे वड म्हणजे या रस्त्याची ओळख. जुने, पारंब्यांचे, दोन्हीकडून फांद्या गुंफलेले. फुलं पाहायला निघालेला माणूस त्यांच्याकडे सावलीपलीकडे लक्ष देत नाही, कारण वडाला फूल दिसत नाही. ते असतं, पण फळाच्या आत. वडाचं लालबुंद फळ म्हणजे आतून अस्तर लावल्यासारखी शेकडो बारीक फुलं. त्यांचं परागण करायला एक इवलीशी वडमाशी फळाच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरते. या रस्त्यावरचा सगळ्यांत मोठा बहर असा कुणाला न दिसता होतो. दिसते ती नंतरची पंगत. तांबट, मैना, हरोळ्या आणि रात्री वटवाघळं.

वाईत शिरल्यावर पाय आपोआप कृष्णेकडे वळतात. नदी इथं अजून लहान आहे, महाबळेश्वरहून नुकतीच खाली उतरलेली. फाल्गुनात पाणी बेताचंच, पण घाट लांबरुंद आणि काळ्या दगडाचे. गणपती घाट, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशी त्यांची नावं. गणपती घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती आहे. पुराचं पाणी आदळायच्या ऐवजी दोन्ही बाजूंनी फाटून जावं, म्हणून ही रचना. कृष्णेच्या कित्येक पुरांशी त्या भिंतीची गाठ पडली आहे. आतला गणपती नावाप्रमाणे ऐसपैस. शेजारच्या काशी विश्वेश्वराच्या देवळातला काळ्याभोर दगडाचा नंदीही चुकवू नये. त्याच्या गळ्यातल्या घंटा आणि माळा इतक्या नितळ घासलेल्या आहेत की पाहणाऱ्याचा हात आपसूक पुढं होतो.

माघ-फाल्गुनात आलं तर घाटावर मांडव दिसण्याची शक्यता असते. हा कृष्णाबाईचा उत्सव. एकेका घाटाची पाळी असते, त्या त्या आळीचे लोक कृष्णाबाईची मूर्ती आणून बसवतात, पूजा, कीर्तन, गाणं होतं आणि जेवणाच्या पंगती उठतात. अफझलखान वाईला तळ देऊन होता तेव्हाच्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं गावात सांगतात. नदीलाच देवी मानून तिचा उत्सव करणं महाराष्ट्रात इतक्या निगुतीनं क्वचितच होत असेल. या पंगतींना पूर्वी पळसाच्या पत्रावळी असायच्या. हिरव्या नव्हे, वाळवून, चोयांनी टाचलेल्या. गरम आमटी वाढली की त्या पानाला एक किंचित तुरट वास सुटतो. मधल्या काळात थर्माकोलनं त्या हटवल्या. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली तेव्हा पत्रावळींना पुन्हा बरे दिवस येतील असं वाटलं होतं. प्रत्यक्षात जागा कागदी आणि यंत्रावर दाबलेल्या ताटांनी घेतली. पळस फुलतो, पण त्याची पानं तोडायला, वाळवायला आणि टाचायला आता बसतो कोण?

नदीकाठानं चालताना करंजाकडे लक्ष द्यावं. मार्चमध्ये त्याची जुनी पानं एका झपाट्यात गळतात आणि नवी पोपटी पानं अशी चकाकतात की फुलांची वाट पाहावीशी वाटत नाही. पुढच्या पंधरवड्यात पांढरी-जांभळी बारीक फुलं येतात आणि झाडाखाली त्यांचा सडा पडतो. पिंपळाची तांबूस कोवळी पालवी याच दिवसांतली. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’ हे पुस्तक १९५६ मध्ये लिहिलं. मराठी वाचकाला पालवीकडे फुलाइतकंच निरखून पाहायची सवय त्यांनी लावली. ती सवय वाईच्या घाटावर कामी येते.

वाईचं आणखी एक वैभव नकाशावर सहज सापडत नाही, ते म्हणजे विश्वकोशाचं कार्यालय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. पळस, पांगारा, सावर यांच्या नोंदी त्यात आहेत. लाकूड कशाला चालतं, डिंक कुठला, बी किती दिवसांत रुजतं, असा साधा उपयोगी मजकूर. फुलं पाहायला येणाऱ्यानं निघण्याआधी या नोंदी वाचल्या तर दिवसाची गोडी वाढते. विश्वकोश आता संगणकावर मोफत वाचता येतो, त्यामुळे सबबही उरलेली नाही.

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, मागं कृष्णेवरचा त्यांनी बांधलेला अर्धगोल घाट आणि घाटावर मेणेश्वराचं देऊळ. तिथं टांगलेली मोठी घंटा चर्चची आहे. तिच्यावर मेरी आणि बालयेशू दिसतात. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या अशा घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या, त्यातलीच ही. हिंदी सिनेमा पाहणाऱ्यांना हा घाट ‘स्वदेस’मुळे ओळखीचा वाटेल. सुट्टीच्या दिवशी इथं लग्नाआधीच्या फोटोंसाठी इतकी जोडपी येतात की घाटाची एकही पायरी मोकळी सापडत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी यावं.

मेणवली ते धोम हा रस्ता मात्र कधीही या, शांत. दोन्हीकडे शेतं. हळदीची काढणी आणि शिजवणी याच दिवसांत असते, त्यामुळे मधूनच एखाद्या मळ्यातून वाफ आणि उग्र मातकट वास येतो. बांधांवर सावर. तिला काटेसावर म्हणतात ते कोवळ्या खोडावरच्या शंकूसारख्या काट्यांमुळे. झाड मोठं होतं तसे बुंध्यावरचे काटे झिजतात. फूल तळहाताएवढं, जाड, मेणचट पाच पाकळ्यांचं. आत पुंकेसरांचा झुपका. तळाशी मध इतका की फूल उलटं केलं तर थेंब पडतो. ते गळतं तेव्हा सुटं होत नाही, अख्खंच्या अख्खं थप्पदिशी खाली येतं. सकाळी झाडाखाली लाल फुलांची रास असते आणि त्या राशीवर शेळ्या.

शेळ्यांमागं असलेल्या बाईंना पाहुण्यानं विचारलं, ‘मावशी, कधीपासून फुललीय ही?’

‘शिमग्याच्या आधीपासनं. आता सरत आली. पांगारा बघायचाय का? मग वर वढ्याकडं जावा. तिकडं राघूंनी झाड डोक्यावर घेतलंय.’

इथला मोहोराचा अंदाज असा मिळतो. संकेतस्थळावर सापडत नाही.

सावरीचं पुढचं काम एप्रिल-मेमध्ये. बोंडं तडकतात आणि रेशमी कापूस वाऱ्यावर सुटतो. उशा-गिरद्यांत भरायला तो गोळा करत. तिच्या वाळवलेल्या कळ्या कर्नाटकात मसाल्यात पडतात, बिसी बेळे भातात त्या लागतातच, आणि बाजारात त्यांना म्हणतात ‘मराठी मोग्गू’. मराठी स्वयंपाकघरात मात्र त्यांना कुणी ओळखत नाही! ओढ्याकाठचा पांगारा सावरीहून वेगळा ओळखायचा तो फुलांच्या झुपक्यावरून. त्याची लांबट, शेंदरी-लाल फुलं फांदीच्या टोकाला तुऱ्यांनी येतात. पानवेलींना, मिऱ्याच्या वेलांना आधार म्हणून पांगारा लावायची चाल जुनी आहे.

एक सूचना आवर्जून. मोठ्या सावरींवर आग्या मोहोळं असतात. झाडाखाली सिगारेट पेटवणं, अत्तर शिंपडून जाणं, दगड मारणं यातून जीवावर बेतू शकतं. शेळ्या राखणारी माणसं तिथं निर्धास्त बसतात, कारण ती यातलं काहीच करत नाहीत.

धोमला धरणाच्या पायथ्याशी नरसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ आहे. महादेवासमोरच्या कमळाच्या आकाराच्या कुंडात दगडी कासव आणि त्याच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी असलं तर कासव तरंगल्यासारखं वाटतं.

रंगपंचमीला, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीला, जो वाईत असेल त्यानं फुलं विसरून बावधनला जावं. भैरवनाथाचं बगाड त्या दिवशी निघतं. होळी पौर्णिमेला देवाला कौल लावून बगाड्या ठरतो. नवस फेडणाऱ्या त्या माणसाला उंच शिडाला बांधतात आणि लाकडी गाडा बैलजोड्या बदलत बदलत, शेतांतून, कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावाकडे ओढत नेतात. ढोल, गुलाल आणि धूळ यांत दुपारभर रस्ते बंद असतात, हे लक्षात ठेवूनच बेत आखावा. पळसाचा रंग आणि रंगपंचमी यांची सांगड दर वर्षी नीट बसतेच असं नाही. २०२४ मध्ये रंगपंचमी ३० मार्चला होती, २०२५ मध्ये १९ मार्चला. अधिक मासामुळे तिथी अशी महिन्याच्या अंतरात मागं-पुढं होते. झाड पंचांग पाहत नाही, त्यामुळे उशिराच्या रंगपंचमीला पळसाखाली बहुधा गळालेली फुलंच मिळतात.

दुपारी पसरणीचा घाट. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळे यांचं गाव. घाट चढू लागलं की दोन्ही बाजूंना खडकांच्या फटींतून धायटीची झुडपं डोकावतात, लाल नळीसारख्या फुलांनी फांदी न् फांदी भरलेली. आसवं आणि अरिष्टं आंबवायला वैद्य हीच फुलं वापरतात. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या चांदण्यांनी भरलेल्या असतात आणि त्यांचा वास गाडीच्या काचा खाली केल्या तरच येतो. मधूनच कोशिंबाची कोवळी लाल पालवी, जी लांबून फुलंच वाटते आणि नवख्याला हमखास चकवते.

आणि मग ती गुलाबी झाडं येतात, ज्यांच्यामुळे गाड्या थांबतात. गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया. निष्पर्ण लांब फांद्या, त्यांवर खालपासून वरपर्यंत फिक्या गुलाबी फुलांचे गुच्छ. फूल जवळून पाहिलं तर वाटाण्याच्या फुलासारखं, वरच्या पाकळीवर पिवळसर ठिपका. सह्याद्रीत चेरी ब्लॉसमची हौस भागवायला याहून जवळचं झाड नाही. हे मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं. तिकडे कोकोच्या बागांना सावलीसाठी लावत. बी आणि साल उंदरांना विषारी म्हणून आपल्याकडे याला उंदीरमारीही म्हणतात. वन विभागानं आणि सामाजिक वनीकरणानं महाराष्ट्रातल्या टेकड्यांवर ते भरमसाट लावलं, त्यामागं कारणं होती. रोप पटकन वाढतं, पाऊस कमी पडला तरी तगतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, तोडलं तरी पुन्हा फुटतं, मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं. पाला शेतात उत्तम खत.

तक्रारीही तितक्याच खऱ्या. जिथं गिरिपुष्प दाट माजतं तिथं खाली दुसरं फारसं काही उगवत नाही, स्थानिक झाडांची रोपं मागं पडतात आणि पक्ष्यांना त्या बनात खायला बेतानंच मिळतं. शेजारच्या पांगाऱ्यावर पाच जातींचे पक्षी भांडत असताना गुलाबी झाडावर मधमाश्या आणि भुंगे एवढेच दिसावेत, हा फरक घाटात उभं राहून कुणालाही पडताळता येतो. फोटो जरूर काढावा. पण टेकडीवर नवं झाड लावायची वेळ आली तर पांगारा लावावा, असं या लेखाचं मत.

पाचगणीत फुलांचा रंग पुन्हा बदलतो. जॉन चेसन या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकात हे गाव वसवताना बाहेरची कितीतरी झाडं आणली. ऑस्ट्रेलियाचा सिल्व्हर ओक इथं इतका रुजला की तो गावाच्या चित्रातच जाऊन बसला. मार्च-एप्रिलमध्ये त्याला सोनेरी-नारिंगी ब्रशसारखे तुरे येतात. उंच शेंड्यावर असल्यानं खालून चालणाऱ्याला ते दिसत नाहीत. टेबललँडच्या कडेवर उभं राहून झाडांच्या डोक्यांवरून पाहिलं तर दिसतात.

हातात दोन तास जास्त असतील तर महाबळेश्वराकडे पुढं जावं. सदाहरित रानात अंजनीचं झाड या दिवसांत थेट फांद्यांच्या लाकडावर निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे गेंद धरतं. सह्याद्रीत निळा रंग झाडावर क्वचितच दिसतो, म्हणून ही फुलं लहान असूनही थबकायला लावतात. याच रानातल्या फुलोऱ्यावर इथला मध उभा आहे. जांभूळ, हिरडा, गेळा यांचा बहर येतो तसा मधाचा रंग आणि चव बदलते. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. घरोघरी सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. तिथल्या माणसांना मोहोराची तारीख विचारली तर ते झाडाचं नाव सांगतात आणि पोळ्यात मध किती भरला तेही.

कासच्या पठाराची चौकशी वसंतात आलेले लोक हमखास करतात. जागतिक वारशाच्या यादीत २०१२ मध्ये गेलेलं ते पठार मार्चमध्ये उघडा, तापलेला कातळ असतो. तिथली फुलं ऑगस्ट-सप्टेंबरची, पावसावर येणारी. तिकडे गाडी वळवून दिवस घालवू नये.

आणि मार्च हुकलाच तर? साताऱ्यात १ मे रोजी ‘गुलमोहर डे’ भरतो. चित्रकार, कवी, गाणारे असे लोक फुललेल्या गुलमोहरांखाली जमतात, चित्रं काढतात, कविता वाचतात. गेली पंचवीसेक वर्षं हे चाललेलं आहे, बिनभपक्याचं. गुलमोहर मादागास्करचा, म्हणजे तोही पाहुणाच, पण फुलाखाली माणसं जमवणारा महाराष्ट्रातला असा दिवस दुसरा सांगता येणार नाही. वाईहून सातारा पस्तीसेक किलोमीटर. सकाळी लवकर पोहोचावं, कारण मेच्या उन्हात अकरानंतर गुलमोहराची विरळ पानं सावलीला पुरत नाहीत. वाटेत पाचवडच्या आसपास रस्त्याकडेला एखादा बहावा पिवळा झालेला असेल, त्याच्यासाठी दहा मिनिटं हाताशी ठेवावीत.